आईच्या तोंडाचा वास

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'चव' हा विषय दिला आणि वर सांगितलं, कुठलंही स्वयंपाकघर निवडा. मिसळीपासून मोदकापर्यंत सगळं इतरांनी आधीच वाटून घेतलं असणार, हे उघड होतं. म्हणून ज्यांना स्वयंपाकघरच नाही त्यांच्याकडे वळले. शेळी, मेंढी, गाय. पावसाळ्यात एखाद्या डोंगरउतारावर त्यांच्यापुढे कितीतरी जातींचं हिरवं उगवलेलं असतं. त्यातलं काही अंगी लागणारं, काही निव्वळ चोथा, काही जीव घेणारं. पानावर पाटी नसते. तरी संध्याकाळी बहुतेक जनावरं पोट भरून, धडधाकट घरी येतात.

'जनावराला उपजत कळतं' असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं बघायला मी वरवे बुद्रुकला गेले. कात्रजचा घाट उतरून साताऱ्याकडे निघालं, की खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकल्यावर, नसरापूरकडे वळणाऱ्या चेलाडी फाट्याच्या अलीकडे हे गाव लागतं. तालुका भोर, खोरं शिवगंगेचं. महामार्गालगत गोदामं, हॉटेलं आणि 'एनए प्लॉट' विकणारे फलक. जरा आत शिरलं, की भातखाचरं आणि डोंगर. चरणारं जनावर आता या दोहोंच्या मधल्या पट्टीत सापडतं.

बांधावरची करडं

श्रावणात खाचरांत भात उभं असतं, त्यामुळे शेळ्या खाचरांपासून लांब, वरच्या पडकात ठेवाव्या लागतात. तिथे एक आजी गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. हातात काठी होती, पण ती त्या फार उचलत नव्हत्या.

'शेळी काय, काहीही खाते' असं शहरात बसून म्हणायला सोपं आहे. एकाच शेळीवर नजर ठेवली तर दुसरंच दिसतं. तिने बोरीच्या शेंड्याचे दोन घास घेतले, मग करवंदीच्या जाळीतला कोवळा पाला निवडून ओढला, मारवेलीच्या ठोंबाला तोंड लावलं आणि पुन्हा बोरीकडे वळली. मध्ये टाकळ्याचा हिरवागार ताटवा होता. याच दिवसांत आपण त्याची कोवळी पानं खुडून भाजी करतो. शेळी त्यातून चालत गेली, तोंड खाली केलं नाही. घाणेरीलाही तिने वळसा घातला. शेळीचा वरचा ओठ फार चपळ असतो. काट्यांमधलं एकेक पान ती त्याने टिपते. त्यामुळे 'काहीही खाणारी' ही बाई खरं तर सगळ्यात चोखंदळ.

तिच्या मागे महिना-दीड महिन्याचं करडू होतं. आई रवंथ करायला थांबली, की ते तिच्या तोंडाशी तोंड न्यायचं, हुंगायचं, कधी ओठाला लागलेला पाला चाटायचं. मग आईने जिथे तोंड घातलं होतं तिथेच जाऊन तेच पान कुरतडायचं. बरंचसं खाली पडायचं. पोट भरायला त्याला आचळ होतंच.

"आई खाती त्येच त्ये खातंय," आजी म्हणाल्या. "आईनं सोडलेलं आधी हुंगतं, मग त्येबी सोडतं. कुनी शिकवाया लागत न्हाई."

शिकवायला लागतं, पण ते काम आई करते. तिचा वर्ग तर करडू जन्मायच्या आधीच भरलेला असतो. गाभण जनावर जे खातं त्याचा वास गर्भजलात उतरतो, आणि व्यायल्यावर दुधातही. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोरक्या कोकरांना कांद्याच्या किंवा लसणाच्या वासाचं दूध पाजून वाढवलं. पुढे चारा खायची वेळ आली तेव्हा कोकरांनी आपापल्या ओळखीच्या वासाचा चारा पसंत केला. म्हणजे करवंदीचा पाला पहिल्यांदा तोंडात घेणाऱ्या वरव्याच्या करडाला तो पाला अगदीच परका नसतो. ती चव त्याने दुधातून घेतलेली असते.

हे लहानपणीचं शिक्षण टिकतं किती? ऑस्ट्रेलियात १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. गवतावर चरणाऱ्या मेंढीला गहू हे खाणं आहे हे ठाऊकच नसतं. पुढे ठेवला तरी ती दिवसेंदिवस त्याला तोंड लावत नाही. प्रयोगात काही कोकरांना आईसोबत असताना गव्हाची ओळख करून दिली. रोज थोडा वेळ, फक्त ५ दिवस. त्यानंतर गहू दिलाच नाही. ३४ महिन्यांनी पुढे ठेवला, तर त्या मेंढ्यांनी तो ओळखून खाल्ला. ज्यांना एकट्यानेच गहू दाखवला होता, आई जवळ नव्हती, ती कोकरं पुष्कळ मागे राहिली. धान्य सारखंच होतं, कमी होती ती आई.

पोटाची कबुली

पण आईला तरी कुणी शिकवलं? तिच्या आईने, हे उत्तर फार मागे नेत नाही. डोंगर बदलतो, पाऊस कमी-जास्त होतो, कुठून तरी नवी वनस्पती येते. १९५०च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजरगवत आज वरव्याच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर फुललेलं असतं. कुठल्याच आजी-शेळीने त्याबद्दल काही सांगून ठेवलेलं नव्हतं. अशा नव्या पाल्यापुढे शेवटी पोटालाच विचारावं लागतं.

जनावर अनोळखी पाला एकदम भरपूर खात नाही. एखाददुसरा घास घेतं आणि थांबतं. मग कोठीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, काय होतं त्यावर पुढचं ठरतं. अंगात ताकद आली, तर त्या चवीची ओढ वाढते. मळमळलं, तर तीच चव नकोशी होते. प्रोव्हेन्झांच्या गटाने पचायला जड अशा पेंढ्याला वेगवेगळे वास लावले आणि त्यातल्या एका वासाचा पेंढा खाताना कोकरांच्या कोठीपोटात थोडं पिष्ट सोडलं. पेंढा तोच, तरी कोकरं पुढे कितीतरी दिवस त्या वासामागे लागली. उलट दिशेनेही हे चालतं. लिथियम क्लोराइड या क्षाराने मळमळ होते, तेव्हा अमुक पाला खाल्ल्यावर ते दिलं, की जनावर तो पाला टाळतं. कॅलिफोर्नियात द्राक्षबागेत गवत खायला सोडलेल्या मेंढ्यांना वेलीच्या पानांचा तिटकारा याच वाटेने लावून पाहिला गेला आहे.

यातला मला सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रयोग १९९४चा. मेंढ्यांनी चारा खाल्ला, नंतर त्यांना पूर्ण भूल दिली आणि बेशुद्ध असतानाच ते मळमळ आणणारं औषध दिलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तो चारा टाळला. आपल्याला कसंतरी झालं होतं हे त्यांना 'आठवत' असण्याचा प्रश्नच नव्हता. शरीराने परस्पर हिशोब लावून जिभेला कळवून टाकलं होतं.

प्रोव्हेन्झा या वाटेला लागले तेही शेळ्यांमुळेच. युटाच्या वाळवंटी भागात ब्लॅकब्रश नावाचं झुडूप असतं. हिवाळ्यात शेळ्यांकडून ते छाटून घ्यायचं, म्हणजे नवी फूट येईल, तीत प्रथिनं जास्त असतील आणि जनावरांना बरा चारा मिळेल, असा बेत होता. शेळ्यांनी नवी फूट सोडली आणि जुनाट काड्या चावल्या. नवी फूट टॅनिनने भरलेली होती, हे माणसांना नंतर उमगलं. वेगवेगळ्या आवारांत ठेवलेल्या कळपांपैकी एकाने तर वेगळीच युक्ती काढली. तिथल्या रानउंदरांनी रचलेली काटक्यांची घरं खायला सुरुवात केली. उंदरांच्या मुतात भिजलेल्या त्या काटक्यांत नत्र होतं, आणि चाऱ्यात नेमकी त्याचीच वानवा होती. त्या कळपाची तब्येत इतरांपेक्षा बरी राहिली. शेजारच्या आवारांतही उंदरांची घरं होती, पण तिथल्या एकाही शेळीला हे सुचलं नव्हतं. एकीला सुचलं, की बाकीच्या बघून शिकतात. सुचलंच नाही, तर सगळा कळप उपाशी राहतो.

कोकणातून परतलेला वाडा

मे महिन्याच्या अखेरीस याच भागात धनगरांचे वाडे उतरलेले दिसतात. वाडा म्हणजे बिऱ्हाडासकट सगळा तळ. घोडी, कुत्री, चूल, कोंबड्या आणि मेंढरं. फलटण, बारामती, पुरंदर या बाजूंची काही कुटुंबं दिवाळीच्या सुमारास भोरमार्गे वरंधा घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आत वर येतात. दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही. पायाची खुरं सडतात, लोकर ओली राहते. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभराच्या लेंड्या-मुताचं खत होतं आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात.

एका वाड्यावर दुपारी फक्त बायका आणि कोकरं होती. मोठी मेंढरं चरायला गेलेली. लहान कोकरांना रोज त्या फेऱ्याला नेत नाहीत. वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, ठेवतात आणि त्यांच्यापुढे बाभळीच्या, बोरीच्या फांद्या टांगतात. घरधनीण बाई त्या फांद्या बांधत होत्या. टांगून का, असं विचारलं तर म्हणाल्या, "खाली टाकलं की तुडवत्यात. वर असलं की मान वर करून खायाची सवय लागती." मग जरा थांबून, "ताई, ही वाटंवरच जलमल्यात. ह्यांना घाटावरचं काय आन् खालचं काय, दोनी ठावं पायजे."

हे शेवटचं वाक्य मला एखाद्या शोधनिबंधाच्या तोडीचं वाटतं. गावातल्या शेळीला एक शिवार पाठ असलं, की भागतं. या मेंढीला कोरड्या माळावरची कुसळी, भोरची खाचरं आणि कोकणातला कापणीनंतरचा भाताचा खुंट, इतकं सगळं लागतं. कुठली वनस्पती कुठल्या महिन्यात चांगली, हेही. कुसळी पावसाळ्यात कोवळी असताना मेंढरं आवडीने खातात. कार्तिकात तीच बी धरते आणि तिची कुसळं हिरड्यांत, कातड्यात घुसतात. गवत एकच, पण दोन महिन्यांच्या अंतराने त्याच्याशी वागणं वेगळं. हे ज्ञान कळपातल्या म्हाताऱ्या मेंढ्यांच्या पायांत असतं. त्या पुढे चालतात.

आणि मेंढक्याच्या डोक्यात. मिशेल म्यूरे या फ्रेंच संशोधकाने आपल्या देशातल्या मेंढपाळांचा अभ्यास करून दाखवलं, की चांगला मेंढपाळ दिवसभराचा फेरा एखाद्या जेवणावळीच्या क्रमाने आखतो. आधी भूक चाळवणारं, मग मुख्य, मध्ये तोंड पालटायला काही, आणि शेवटी पुन्हा काही खाऊशी वाटेल असं. नीट क्रम लावला तर मेंढ्या एरवी ज्याला हुंगत नाहीत असा जाडाभरडा पालाही पोटात घालतात. वाड्यावरच्या म्हाताऱ्या मामांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सकाळी उपाशीपोटी मेंढरं पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर सोडायची नाहीत. आधी वाळकं खाऊ घालायचं. नाहीतर पोट फुगतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचून घेतात ती याच दिवसांतल्या धोक्यामुळे.

उशिरा लागणारं विष

इतकं शहाणपण असूनही जनावरं विष खाऊन मरतात, आणि कारण ऐकलं की पटतं. खाणं आणि त्रास यांत काही तासांचं अंतर असेल तोवर शरीर दोन्हींची सांगड घालतं. अंतर दिवसांचं झालं, की सांगड सुटते. घाणेरी तशी. तिचं विष यकृतावर बेततं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते, पण हे सगळं काही दिवसांनी. तोवर जनावराने आणखी दहा प्रकारचा पाला खाल्लेला असतो. दोष कुणाला द्यायचा? इथल्या शेळ्या-गाई घाणेरी टाळतात त्या तिच्या उग्र वासामुळे आणि आईने टाळली म्हणून. बाहेरून आणलेलं, भुकेलं जनावर तिला तोंड लावतं. त्याच्या आईने घाणेरी पाहिलेलीच नसते.

उलट टोकाला ज्वारीचे कोवळे पोंगे. पाण्याचा ताण बसलेल्या, खुरटलेल्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. भुकेलं जनावर शेतात घुसून भराभरा खातं आणि थोड्याच वेळात कोसळतं. इथे शिकायला वेळच मिळत नाही. जे मेलं ते कुणाला काय सांगणार?

आता महामार्गाच्या कडेचं. हॉटेलं आणि मंगल कार्यालयं उरलेला भात, पोळ्या मागच्या बाजूला टाकतात. पिष्ट भरपूर, म्हणजे पोट 'छान' म्हणतं. एकदा चटक लागली, की गाय तिथेच घोटाळते. पण शिजलेल्या अन्नाचा ढीग एकदम खाल्ला तर कोठीपोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीला खरकट्याचा, मिठाचा वास असतो. पिशवीचा त्रास दिसायला महिने लागतात, तोवर शेकडो घास होऊन गेलेले असतात. पिशवी खाणारी गाय मूर्ख, असं मला वाटत नाही. हजारो वर्षं चालत आलेली रीतच ती वापरत असते.

पोटातली बिऱ्हाडं

काही वेळा जिभेला पटूनही भागत नाही. सुबाभळीचं उदाहरण आपल्याकडे चांगलंच ठाऊक असायला हवं, कारण मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या 'बाएफ'ने चाऱ्याचं झाड म्हणून सुबाभळीचा मोठा प्रसार केला. पाला प्रथिनयुक्त, जनावरं खातातही आवडीने. पण तीत मिमोसीन असतं. एकट्या सुबाभळीवर जनावर ठेवलं तर केस गळतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियातल्या गुरांना हा त्रास व्हायचा, हवाईतल्या शेळ्यांना मात्र नाही. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला त्याचं कारण शेळ्यांच्या कोठीपोटात सापडलं. तिथे मिमोसीनपासून होणारं विष मोडणारे जिवाणू होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि त्रास थांबला. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं.

करडू जन्मतं तेव्हा त्याचं कोठीपोट नावापुरतंच असतं. आईचं चाटणं, तिच्या तोंडचा उष्टा पाला, कळपातली लाळ, यांतून ही जिवाणूंची बिऱ्हाडं त्याच्या पोटात येऊन राहतात. आईच्या ओठाला लागलेलं पान चाटणारं बांधावरचं ते करडू पानाची चव घेत होतं, आणि ते पचवणारेही बरोबर घेत होतं.

दावणीला बांधलेली

गावात चरायला जाणारी गुरं कमी आणि दावणीची जास्त होत चालली आहेत. संकरित गाय गोठ्यातच असते. तिच्यापुढे कडबाकुट्टी, मका, नेपियर, आंबोण. तिला निवड करायची वेळ येत नाही, असं वाटतं. पण एका गोठ्यात मुरघास नव्याने सुरू केला होता, तिथे दोन गाई गव्हाणीतला मुरघास नाकाने बाजूला सारून खालचा कडबा शोधत होत्या. आंबूस वास नवा. शेतकरी दादांनी त्यावर गुळाचं पाणी आणि चिमूटभर मीठ शिंपडलं, आणि रोज थोडं थोडं वाढवत नेलं. ही जुनीच रीत आहे. कोकरांच्या पोटात पिष्ट सोडणाऱ्या प्रयोगाशी तिचं नातं थेट आहे, फक्त इथे प्रयोगशाळेऐवजी गुळाची ढेप आहे. शेजारची कालवड मात्र पहिल्या दिवसापासून खात होती. तिची आई खाणाऱ्यांतली होती आणि दोघींची गव्हाण एकच.

गिरिपुष्पाचंही असंच. चारसूत्री भातशेतीत हिरवळीच्या खतासाठी ते बांधावर लावायला सांगितलं गेलं, त्यामुळे भोरच्या भातपट्ट्यात ते रुजलं. ताजा पाला गुरं बहुधा नाकारतात. तोडून दिवसभर सुकवला, की वास उतरतो आणि तोंड लागतं. ज्या घरच्या शेळ्या तो खातात त्या घरची करडंही पुढे ताजा खातात.

दहा शेळ्या, एक बोकड

आजींच्या कळपात एक काळी, लांब कानांची शेळी बाजूला उभी होती. बाजारातून आणलेली, मराठवाड्याकडची. तिथल्या कोरड्या माळावर वाढलेल्या शेळीला श्रावणातला इथला ओला पाला म्हणजे परदेश. पहिले काही दिवस ती घराकडे तोंड करून पेंडीसाठी ओरडायची. आजींनी तिला आपल्या सगळ्यात जुन्या शेळीबरोबर एकाच दाव्याला बांधलं. महिन्याभरात ती बोरीला आणि करवंदीला लागली होती. मारवेलीजवळ अजून घुटमळत होती.

सरकारी योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. जात बहुधा उस्मानाबादी किंवा संगमनेरी, दोन्ही उत्तम. कानात बिल्ला, विमा, वजन, दात, सगळं तपासलं जातं. ती जनावरं कुठल्या माळावर, कशावर वाढली हे कुठल्याच रकान्यात नसतं. नव्या जागी शेळ्या खंगल्या, की 'जात इथे चालत नाही' किंवा 'शेतकऱ्याने लक्ष दिलं नाही' असे दोन शेरे मिळतात. बऱ्याचदा तिसरंच कारण असावं असं मला वाटतं. अकरा जनावरं अशा ठिकाणी उतरवली, जिथलं एकालाही काही ठाऊक नाही. जवळच्याच शिवारातून गट बांधला, किंवा निदान पावसाळा टाळून उन्हाळ्याच्या आधी दिला आणि गावातल्या कळपात महिनाभर मिसळू दिला, तर यात खर्च फारसा वाढत नाही.

बाजाराचा हिशोब याच्या बरोबर उलटा आहे. वजनावर भाव असतो, आणि वेतं संपत आलेली म्हातारी शेळी आधी विकली जाते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण तिच्याच वाट्याची. आजींकडेही व्यापारी येऊन गेला होता. त्याने जुन्या शेळीकडे बोट दाखवलं, तर आजींनी दोन बोकडं दाखवली. तो म्हणाला, हिच्यात आता काय राहिलंय. आजींनी त्याला सांगितलं, नवीला मारवेल कळंस्तोवर ही जायाची न्हाई, आन् त्याच्याम्होरं दोन पाटी हायेत, त्यांची व्यायाची पहिलीच खेप. पुढच्या उन्हाळ्यात ये, बघू.